मराठीसारखी भाषा

आमच्या शाळेतले गणिताचे सर रोज सकाळी जांभया देत स्टाफरूममध्ये यायचे. डोळे लाल, केस विस्कटलेले, पण चेहऱ्यावर असं समाधान, की जणू कालच मुलीचं लग्न ठरलं आहे. मी त्याच शाळेत हिंदी आणि संस्कृत शिकवायचो. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात तेव्हा घरोघरी नुकतं ब्रॉडबँड येऊ लागलं होतं, दोन हजारनंतरचं दशक संपत आलं होतं आणि माझी चाळिशीही. एके दिवशी न राहवून मी त्यांना कारण विचारलं.

"अमेरिका के बच्चों को पढ़ाता हूँ," ते म्हणाले. "उनकी शाम, अपनी सुबह. एक वेबसाइट है, उसपे कोई भी अपनी दुकान लगा ले. बच्चे को जो मास्टर पसंद आए, उससे पढ़े."

"और आपको पसंद किया?" मी विचारलं.

त्या प्रश्नातला अविश्वास मला लपवता आला नाही. सर शिकवायचे फळ्याकडे तोंड करून, आणि आवाज असा की दुसऱ्या बाकाच्या मागे जात नसे. अशा माणसाला अमेरिकेनं निवडलं आणि माझ्यासारखा वक्ता इथे सातवीला 'रामः रामौ रामाः' घोकून घेत बसला आहे, हे मला सहन झालं नाही. वक्ता हा शब्द मी उगाच वापरत नाही. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस मी मिळवलं होतं. स्पर्धक दोन होते आणि बक्षिसं तीन, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

घरी कॉम्प्युटर होता तो बायकोच्या हट्टानं आलेला. ती सिंचाई विभागात होती, ऑफिसात दिवसभर टाइप करायची, त्यामुळे घरात त्या यंत्रावर तिचीच सत्ता. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि आम्ही माझं दुकान उघडलं. फोटो, दोन ओळींची ओळख आणि एका तासाचा भाव, एवढंच त्या पानावर मावायचं. मी हिंदीचा मास्तर म्हणून नाव घातलं.

मग आम्ही हिंदीच्या मास्तरांची यादी उघडली. दिल्ली, लखनौ, भोपाळ, जयपूर. पान उलटावं तर मास्तर, पुन्हा उलटावं तर मास्तर. परसवाड्याच्या बाजारात एकदम शेवटी, नाल्याच्या कडेला, जिथे गिऱ्हाईक फक्त लघवीला येतं, तिथे एखादा बांगड्यावाला बसतो. माझी जागा साधारण तशी होती.

"तुमाले कोण पाहाले येईल इतक्या आत?" बायको म्हणाली.

"माझी ओळख वाच ना. अनुभवी, संयमी, मनमिळाऊ."

तिनं मागची काही पानं उघडून दाखवली. सगळेच अनुभवी होते. सगळेच संयमी होते. मनमिळाऊपणाचा तर असा सुकाळ की एवढी मनमिळाऊ माणसं एका देशात असून आपल्याकडे भांडणं का होतात, हाच प्रश्न पडावा.

महिना गेला, कोणी आलं नाही. गर्दीत उठून दिसायला हवं, हे मला तेव्हा कळलं. पण उठून दिसायचं म्हणजे नेमकं काय, हे कळायला पुढे बराच वेळ गेला, आणि त्या वेळात मी जे काही केलं ते आमच्या घरात अजून पाहुण्यांना सांगितलं जातं.

पहिल्यांदा फोटो बदलला. बसस्टँडजवळच्या स्टुडिओत गेलो. तिथे गिऱ्हाइकांसाठी एक कोट टांगलेला असायचा. तो माझ्यापेक्षा बारीक माणसासाठी शिवलेला होता, म्हणून स्टुडिओवाल्यानं पाठीकडची शिवण उसवूनच ठेवलेली, समोरून कोट आणि मागून बनियन. मागे बर्फाच्या डोंगरांचा पडदा. फोटो आला तेव्हा मी खुश होतो. मुलगी बारावीला होती, तिनं एकदाच पाहिला आणि म्हणाली, "पापा, ऐसा लग रहा है जैसे आप गुमशुदा हो."

कोट उपयोगाला आला नाही तेव्हा मी फेटा बांधला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नाच्या बँडचं दुकान होतं, तिथून केशरी फेटा आणला, तुऱ्यासकट. कपाळाला गंध लावलं. गळ्यात आईची तुळशीची माळ घातली. हा फोटो पानावर लावला आणि चमत्कार झाला. आपलं पान किती जणांनी पाहिलं याचा आकडा तिथे खाली दिसायचा, तो धानाच्या कोठीत उंदीर व्हावेत तसा भराभर वाढायला लागला. मी शाळेतून येताच आधी आकडा बघायचो, मग चपला काढायचो. निरोपही येऊ लागले. एका बाईनं विचारलं, तुम्ही हात बघता का? कॅनडातल्या एका गृहस्थानं विचारलं, मुलाच्या लग्नात याल का, घोडा आमचा असेल. एकानं नुसतंच विचारलं, हे खरं आहे का?

हिंदी शिकायची आहे असं कोणीही म्हणालं नाही.

"लोक जत्रेत दोन तोंडाचं वासरू पाह्यतेत," बायको म्हणाली. "पण घरी कोणी घेऊन जाते का थे?"

मग मी भाव पाडला. इतका पाडला की पूर्ण यादीत माझ्याहून स्वस्त कोणी उरलं नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली. सकाळी बायको भाजी निवडत होती, तिनं मान वर न करता विचारलं, "बाजारात सगळ्यात सस्ते वांगे कोण घेतेत, मालूम आहे?"

"कोण?"

"ज्यायले बैलाले टाकाचे असतेत, थे."

मी भाव परत चढवला.

हे सगळं स्टाफरूममध्ये कळायला नको म्हणून मी फार काळजी घेत होतो. पण फेट्याचा फोटो गणिताच्या सरांनी पाहिलाच. ते हसले नाहीत, हे मला जास्त लागलं. त्यांनी मला स्वतःचं पान दाखवलं. फोटो अंधुक, बहुतेक कुठल्यातरी ओळखपत्रावरून काढलेला. ओळखीत एकच ओळ: गणित, रोज सकाळी साडेपाचपासून. बाकी काही नाही. ना अनुभवी, ना संयमी.

"बस इतना?" मी म्हणालो.

"उनको उसी टाइम कोई चाहिए रहता है," सर म्हणाले. "मैं रहता हूँ." मग थोडं थांबून म्हणाले, "आप हिंदी में क्यों घुसे? वहाँ तो पूरा यूपी बैठा है. मराठी देखो. मराठी में मुश्किल से आठ-दस लोग हैं."

हे माझ्या डोक्यात का आलं नव्हतं, याचं आजही मला आश्चर्य वाटतं. घरात मराठी, मंडळात मराठी, आजोबा भंडाऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आले तेव्हापासून तीन पिढ्या आम्ही या हिंदी मुलुखात मराठी जपलेली. जपलेली हा मंडळाच्या भाषणातला शब्द. मी ताबडतोब दुकान हलवलं. साधा शर्ट घातलेला फोटो लावला आणि वर ठळक लिहिलं: शुद्ध मराठी शिका.

बाकीचे सगळे मास्तर पुण्या-मुंबईचे होते. त्यांनी 'शुद्ध' असं कुठेही लिहिलं नव्हतं. मला वाटलं, विसरले बिचारे.

पंधरवड्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. अमेरिकेत राहणारे पुण्याचे एक गृहस्थ, त्यांना दहा वर्षांच्या मुलाला मराठी शिकवायची होती. मी पहाटे उठून आंघोळ करून, दाढी करून, इस्तरीचा शर्ट आणि खाली लुंगी अशा वेषात कॉम्प्युटरसमोर बसायचो. शिकवताना मी अगदी पुस्तकातली भाषा बोलायचो. 'मला', 'तुला', 'येत आहे', 'जात आहे'. प्रत्येक शब्द फडक्यानं पुसून ठेवावा तसा. मुलगा गोड होता, पण पेंगायचा. दिवसभराची शाळा करून संध्याकाळी पुन्हा माझी विभक्ती, त्याचा तरी काय दोष?

त्याला जाग आणायचं काम आईनं केलं. आई तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेली. सकाळी मला चहा आणून द्यायची आणि पडद्यावर पोरगा दिसला की माझ्या खांद्यावरून वाकून त्याच्याशी बोलायची.

"आला का रे बाबू? जेवला का?"

पहिल्या दिवशी तो गोंधळला. दुसऱ्या वेळी हसला. मग चहाची वाट मी कमी आणि तो जास्त बघायला लागला.

"आजी, तू काय करून राह्यली?"

"तुया सरासाठी चाय करून राह्यली. थो लय आयशी आहे."

आपले सर आळशी, हे ऐकून पोरगा खदखदून हसायचा. मी कानकोंडा व्हायचो, आईला डोळ्यांनी जायला सांगायचो आणि पुन्हा 'मी शाळेला जातो' कडे वळायचो. त्याची प्रगती मात्र जोरात होती. वाक्यं धडाधड यायला लागली. ते माझ्या शिकवण्याचं यश आहे, असं मी गणिताच्या सरांना सांगितलंही.

एका सकाळी पडद्यावर मुलाच्या ऐवजी त्याचे वडील बसलेले दिसले. चष्मा, पांढरा टीशर्ट, अत्यंत सभ्य चेहरा.

"सर, एक विचारू का? राग मानू नका," ते म्हणाले. "काल जेवताना हा त्याच्या आईला म्हणाला, 'मले दूध नाही पायजे, पोट दुखून राह्यलं.' हे 'मले' म्हणजे नक्की काय?"

"चतुर्थी," मी म्हणालो.

दुसरं काही सुचलंच नाही. संस्कृतच्या मास्तराचा जीव संकटात सापडला की तो विभक्तीच्या आड लपतो.

"हो, चतुर्थी आमच्याकडेही आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण ती 'मला' अशी असते."

नेमकी त्याच वेळी आई चहा घेऊन आली, पडद्याकडे वाकली आणि म्हणाली, "आज पोट्टा काहून नाही आला जी? बिमार आहे का?"

त्या गृहस्थांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सगळं त्यांना समजलं होतं. शिकवणी त्या दिवशी थांबली. त्यांनी माझ्या पानावर अभिप्राय लिहिला, तोही रागानं नाही, हीच तर पंचाईत. त्यांनी लिहिलं: 'सर प्रेमळ आणि वक्तशीर आहेत. मुलगा 'मले', 'काहून' असं बोलू लागला आहे. त्यांची भाषा मराठीसारखी आहे.'

मराठीसारखी. हा शब्द वाचून मी त्या दिवशी शाळेत गेलो नाही. शुद्ध मराठीच्या दुकानावर जगातल्या कोणालाही वाचता येईल अशी पाटी लागली होती, की आतला माल मराठीसारखा आहे. आमच्या तीन पिढ्यांनी जपलं ते नेमकं काय, असाही एक विचार आला. भाषणात उपयोगी पडला असता, पण आता भाषण करायला तोंड उरलं नव्हतं.

यावर मी जो उपाय केला तो फेट्याच्या तोडीचा होता. मी घरात शुद्ध बोलायला लागलो. टीव्हीवरच्या बातम्या ऐकून आरशासमोर सराव करायचो. आईला म्हणालो, "आई, मला थोडं पाणी देतेस का?"

आईनं पाण्याआधी माझ्या कपाळाला हात लावला. "काहून रे, ताप येऊन राह्यला का तुले?"

बायको म्हणाली, "घरात बोला जसं बोलाचं तसं. पण गुजरीत नका बोलू. काल तुम्ही त्या भाजीवाल्याले 'हे कसे दिले' म्हणाले, त्यानं तुमाले परदेसी समजून भाव चढवला."

दुकान मी बंद केलं नाही, पण उघडून बघायचंही सोडलं. कित्येक आठवड्यांनी बायकोनंच काही कामासाठी ते पान उघडलं आणि मला हाक मारली. एक निरोप येऊन पडला होता, इंग्रजीत. लिहिणारी एक अमेरिकन बाई होती, दातांच्या दवाखान्यात काम करणारी. तिनं लिहिलं होतं ते असं: तुमच्या पानावर एका पालकानं तक्रार केली आहे की मुलगा 'मले' म्हणायला लागला. माझी सासूही 'मले' म्हणते. तुम्ही ती भाषा शिकवता का?

मी ते वाचून रुसलो. खरंच रुसलो. आमच्या शुद्धतेचे धिंडवडे निघाले ते निघाले, वर त्याचंच गिऱ्हाईक.

"दारात गिऱ्हाईक उभं आहे आन् तुम्ही आत फुगून बसले," बायको म्हणाली आणि माझ्या वतीनं तिनंच उत्तर टाइप केलं: हो, शिकवतो.

बाईची हकिगत पहिल्याच दिवशी कळली. नवरा भंडाऱ्याकडच्या, तुमसरजवळच्या एका खेड्यातला, शिकून तिकडे गेलेला इंजिनियर. त्यानं बायकोला भाषा शिकवायला घेतली की दुसऱ्या वाक्याला तो चिडायचा आणि तिसऱ्याला ती. म्हणून ती याच वेबसाइटवर पुण्याच्या एका बाईंकडे कितीतरी महिने मराठी शिकली होती. उत्तम शिकली होती. मग एक दिवस धीर करून तिनं सासूला फोन लावला आणि म्हणाली, "नमस्कार आई. आपली प्रकृती कशी आहे?"

पलीकडून सासूचा आवाज आला, पण तिच्यासाठी नव्हे. "धरा जी फोन," सासू सासऱ्याला सांगत होती, "बँकेतून कोणीतरी बाई बोलून राह्यली."

हे सांगताना ती हसली, पण मला जाणवलं की तिला ते लागलं आहे. हिवाळ्यात ती पहिल्यांदा सासरी येणार होती. तोवर सासूला आपण बँकेतली बाई वाटू नये, एवढीच तिची इच्छा होती.

मी तयारीला लागलो आणि लगेच माझी अब्रू निघाली. मला माझी भाषा शिकवता येत नव्हती. संस्कृतची रूपं झोपेतून उठून म्हणीन, पण 'येऊन राह्यलो' कधी म्हणायचं आणि 'येतो' कधी, याचा नियम कुठेच सापडेना. आईला विचारलं.

"आई, आपण 'येऊन राह्यलो' काहून म्हणतो?"

"येऊन राह्यलो म्हणून म्हणतो," आई म्हणाली. "आलो असतो तं आलो म्हटलं असतं."

त्यापुढे मी नियमांचा नाद सोडला आणि आईलाच खुर्चीवर बसवलं. आधी तिनं आढेवेढे घेतले. "मी काय शिकवू? मले का येते?" मग पदर डोक्यावरून नीट घेतला, मांडीवर लाखोळीच्या डाळीचं सूप घेतलं आणि डाळ निवडता निवडता अमेरिकेशी बोलायला लागली. "हे काय आहे? लाखोळी. म्हण. हौ. आता विचार, माय, डाळ शिजली का?" मी बाजूला बसून अवघड शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगायचो. थोड्या दिवसांनी तेही लागेनासं झालं. त्या दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघून समजून घ्यायच्या आणि माझ्याकडे मान वळवून कोणी बघायचं नाही. इस्तरीचा शर्ट घालणं मी सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून राहिली. आदरार्थी बोलणं कसं असतं, मोठ्यांशी 'जी' लावून कसं बोलायचं, हे नंतर नीट शिकवू असं मी ठरवलं होतं. पुस्तकात तो धडा शेवटी असतो. आणि आई तर दिवसभर बोलायची ती माझ्याशी, म्हणजे 'काय गा', 'काहून रे' अशी.

धानाची कापणी आटोपली तेव्हा ते नवराबायको गावी आले आणि आम्हाला जेवणाचं आमंत्रण आलं. आई, बायको आणि मी कटंगीला गेलो, तिथून तुमसरची बस धरली. रस्ताभर आई जुन्या विद्यार्थिनीची परीक्षा असल्यासारखी गप्प होती. मीही गप्प होतो, पण मला फुशारकी आवरून धरायची होती म्हणून.

घरासमोर सारवलेलं आंगण, अर्धं गाव गोळा झालेलं. सून हिरव्या साडीत दारातून बाहेर आली. ती उंच होती, पडद्यावर ते कळलं नव्हतं. आम्हाला पाहून तिचा चेहरा उजळला, पण आधी तिनं सासूकडे वळून विचारलं, "माय, तुये गुडघे दुखून राह्यले का? बस ना वं खाली."

बायका तोंडाला पदर लावून एकमेकींकडे बघायला लागल्या. सासू तिच्याकडे बघतच राहिली. बहुतेक गेल्या दोन दिवसांत असं बरंच ऐकून झालं असावं, तरी नवल संपलं नव्हतं. मी मान ताठ करून उभा राहिलो. हे माझं.

एवढ्यात सासरे आले. गावातले वजनदार गृहस्थ, पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा. ते येताच बायका सरकल्या, पोरं गप्प झाली. सुनेनं पुढे होऊन त्यांना वाकून नमस्कार केला, वर बघितलं आणि मोठ्या प्रेमानं विचारलं, "काय गा, जेवला का?"

तिच्या नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. सासऱ्यानं सुनेकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला.

"हौ," ते म्हणाले. "जेवलो. तू जेवली का?"

आणि मग ते असे हसले की खाली बसावं लागलं. त्यांच्या मागून सगळं आंगण हसलं. सून गोंधळून माझ्याकडे बघत होती.

"कोणं शिकवलं वं इले?" सासूनं डोळे पुसत विचारलं.

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. क्षणापूर्वी ताठ असलेल्या मानेनं मी आईकडे इशारा केला. वेबसाइटवर फोटो माझा होता, भाव माझ्या तासाचा होता, पण वेळ आली तेव्हा मी सत्तरीच्या बाईला पुढे केलं.

आईनं मुळीच माघार घेतली नाही. "म्या शिकवलं," ती म्हणाली.

त्यानंतर मला कोणी विचारलं नाही. आईचं माहेर कटंगीजवळचं निघालं, सासूची कोणी मावशी त्याच गावात दिलेली निघाली, आणि पंगत बसेपर्यंत त्या दोघी नातेवाईक झाल्या होत्या. आम्ही पुरुष जेवलो. भाजी थोडी खारट होती, पण ते सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सुनेच्या नवऱ्याचा फोन आला.

"सर, तुम्ही हे काय शिकवून ठेवलं?" तो म्हणाला. "आज दुपारी माय म्हणाली, भाजीत मीठ जास्त टाकलं. तं ही म्हणते, मीठ बरोबर आहे, तुयीच जीभ बिघडली."

"मग?"

"मग काय, भांडण. तासभर. फोनवर होत्या तं 'नमस्कार, नमस्कार' करून चुप राहत होत्या जी. लय शांती होती."

मी दिलगिरी व्यक्त केली. मग पलीकडून त्या दोघींचा आवाज ऐकू आला, एकीचा वर, एकीचा खाली, आणि मधेच दोघींचं हसणं. तो म्हणाला, "आता हसून राह्यल्या. मले काही समजत नाही." आणि फोन ठेवला.

परत गेल्यावर तिनं माझ्या पानावर लांबलचक अभिप्राय लिहिला. मीही पाटी बदलली: शुद्ध काढून टाकलं आणि लिहिलं, 'नागपूर, भंडारा, गोंदिया, बालाघाटकडे बोलतात ती मराठी'. ही मराठी शोधायला गेलं तर माझं पान सगळ्यात पहिलं यायचं. पहिलं आणि शेवटचंही, कारण दुसरं नव्हतंच. गर्दीतून इतकं बाजूला उभं राहिलं की माणूस उठून दिसतो खरा, पण तिकडे बघणारेही थोडे असतात, हे गणित मी केलं नव्हतं. वर्षभरात आले ते एवढेच: नागपूरकडच्या एका घरची लंडनमध्ये वाढलेली नात, तिला आजीशी बोलायचं होतं, ती टिकली. मुंबईचे एक नट, त्यांना नाटकात गावठी माणसाची भूमिका मिळाली होती आणि आठवडाभरात भाषा हवी होती. त्यांना मी नाही म्हटलं, आणि नंतर तीन दिवस हळहळलो. पुण्याच्या बाईंकडे जागा नाही म्हणून वाट बघत बसलेले विद्यार्थी होते. त्यातला एखादाही चुकून माझ्याकडे वळला नाही. पुढे ती वेबसाइटच बंद पडली. गणिताच्या सरांनी त्याच आठवड्यात दुसरी शोधली. मी शोधली नाही.

पण वेबसाइट बंद पडायच्या आधीच त्या दुकानातली माझी नोकरी सुटली होती. एका सकाळी मी नेहमीच्या वेळेला कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. अमेरिकन सुनेचे तास ठरलेले होते, तिला आता आदरार्थी रूपं शिकवायची होती, आणि मी या वेळी धडा नीट तयार केला होता. कॉल आला. ती पडद्यावर दिसली, मागे स्वयंपाकघर, हातात कढई.

"नमस्कार," मी म्हणालो. "आज आपण 'तुम्ही' आणि 'जी' बघू."

"ते बादमध्ये," ती म्हणाली. "माय आहे का घरी? अंबाडीची भाजी करून राह्यली मी, आंबटच होऊन नाही राह्यली."

मी उठलो आणि चहा घेऊन आलेल्या आईला खुर्ची दिली. आई खुर्चीत बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "भाजी वाळलेली होती का वल्ली, थे सांग पहिले." त्यांचं लवकर आटोपणार नाही हे दिसत होतं. मी लुंगी सोडून पँट घातली आणि दूध आणायला गेलो.